पोतारलेली खोली

९ सप्टेंबर, मंगळवार

आज फवारणीवाले आले अन् माझं सारं घर अंगणात काढून गेले. भांडी तुळशीपाशी, धानाच्या कोठ्या पडवीत, देव शेजारच्या ओसरीवर. सकाळीच टिकाराम पंप घेऊन दारात उभा. हा आपल्याच गावचा, गावाबाहेरच्या टोल्यावरचा. एरवी आमच्या धानाच्या बांधीत रोवणीला येतो आणि या दिवसांत मलेरियाच्या फवारणीवर जातो. आज तोंडाला फडकं, अंगात खाकी, आणि मला ओळखत नसल्यासारखा म्हणतो, "काकी, सामान बाहेर काढा, एकही कोपरा सुटाले नाई पाहिजे."

म्हटलं, "वा रे वा! परवापर्यंत माझ्या हातचा भात खात होता, आज साहेब झाला का गा?"

हसला, पण पंप काही खाली ठेवला नाही.

गुंजनच्या खोलीत मी त्यांना जाऊ देणार नव्हते. सुनेला सहावा महिना लागला आहे, तिथे कुठं ते विषारी पाणी मारू द्यायचं? पण सोबत गावची आशा सेविका होती, रुख्मा. ती म्हणाली, "शामकलाबाई, तिच्याच खोलीत तं पहिले माराले पाहिजे. या जंगलाच्या कडेले मलेरिया हाय, अन् पोटुशी बाईले तो लागला तं पोटातल्या लेकराच्या जिवावर येते." आता एवढं ऐकल्यावर कोण नाही म्हणेल? मारू दिलं. टिकारामनं छतापासून खालपर्यंत मारलं. जाताना बजावून गेला, "दोन-अडीच महिने भितीले लिपू नोका, पांढऱ्या मातीनं पोतारू नोका. मच्छर भितीवर बसते अन् औषधानं मरते. औषध मातीखाली गेलं तं काही कामाचं नाई."

हो हो म्हटलं.

संध्याकाळी सामान आत घेताना भिंती पाहिल्या आणि डोकंच फिरलं. माझ्या निळसर पांढऱ्या भिंतींवर पिवळट ओघळ. रस्त्यावरची कुत्री रात्रभर घरात फिरून गेल्यासारखे. अख्ख्या गावात माझ्या भिंती पाहायला बायका येतात, त्यांना आता काय दाखवू?

(मी बोलते तशी लिहीत नाही. बचत गटाचं इतिवृत्त लिहून लिहून हाताला शाळेची भाषा लागली आहे. माझा पोरगा गजेंद्र हसतो. हसू दे.)

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गुंजन काल आणि आज दोनदा ओकली. म्हणते, "आई, खोलीत वास येते. मळमळते मले." मला तर काही वास येत नाही, पण पोटुशीचं नाक वेगळं असतं. गजेंद्रच्या वेळी मला पिकलेल्या केळ्याचा वास चालत नव्हता.

तिला बाहेर ओसरीवर खाट टाकून दिली. बाजूला बसून डोक्याला तेल लावलं. डोळे मिटून पडून राहिली. पोरगी गोंदियाजवळच्या कुडव्याची, स्लॅबच्या घरात वाढलेली. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं नाक मुरडलं होतं, "मातीच्या घरात पोरगी द्यायची म्हणजे..." हे वाक्य मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. पण गुंजननं दोन वर्षांत एकदाही तसं तोंड केलं नाही. उलट पहिल्याच उन्हाळ्यात म्हणाली, "आई, तुमचं घर किती थंडं हाय!" तेव्हापासून मी तिची झाले.

दवाखान्यातून तिला नवी मच्छरदाणी मिळाली आहे. छान आहे, पांढरीशुभ्र. बाळासाठी पेटीत राखून ठेवली. आत्तापासून वापरली तर तोवर तिचं पोतेरं होईल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कुडव्याहून फोन. ओटी भरायला विहीणबाई येणार, सोबत आणखी पाच-सहा बाया. पाच ऑक्टोबर, रविवार, तेव्हा सातवा लागलेला असेल. मी म्हटलं, या, अवश्य या. विहीणबाई म्हणाल्या, "ओटी भरून लगेच नेते तिला, बाळंतपणापर्यंत इथंच राहील." मी म्हटलं, दिवाळी तर होऊ द्या, पहिल्या लेकराची दिवाळी आहे पोटात, मग न्या. जरा ताणलंच मी. शेवटी मानल्या.

फोन ठेवला आणि पहिले भिंतींकडेच लक्ष गेलं. त्या ओघळांसमोर बसवू का विहिणीला? ती बोलणार नाही, नुसती पाहील. तिचं ते पाहणं मला ठाऊक आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

परवा घट बसतात. घट बसायच्या आधी घर सारवतातच, पोतारतातच, त्याला कोण काय करणार. माझी सासू करत होती, तिची सासू करत होती.

पांढरी माती काल भिजत घातली होती. त्यात शेण, चिमूटभर नीळ. हे (गजेंद्रचे बाबा) खाटेवर बसून पाहत होते. हे तसे दिवसाला मोजून चार शब्द बोलणारे. आज म्हणाले, "गजूची माय, औषध मारून बारा दिवसही झाले नाईत. राहू दे ना."

"राहू दे म्हणते! तुमचं काय जाते? विहीण तुमच्या तोंडाकडं पाहणार नाई, माझ्या भितीकडं पाहन!"

मग उठून गोठ्याकडे गेले. सुखराम नाव ठेवलं आहे ते बरोबरच आहे, माणसाला कशाचंच काही पडलेलं नाही.

बाहेरच्या भिंती सोडल्या. ओसरी अर्धी केली. पण गुंजनच्या खोलीत जीव ओतला. दोन हात दिले. फडकं असं फिरवलं की कुठं जोड दिसू नये. खाटेच्या उशाशी काडीनं वेल काढली, दोन मोर काढले. मान अजून दुखते आहे, पण खोली पाहून डोळे निवले. गुंजन दारात उभी राहून म्हणाली, "आई, आता वासच नाही येऊन राहिला." आणि आत जाऊन झोपली, गाढ झोपली. आणखी काय पाहिजे मला? टिकारामचं औषध राहिलंच ना भिंतीत, पळून थोडंच गेलं? वरून माती आहे एवढंच.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज एक गंमतच झाली. पहाटे उजाडायच्या आत एक पोरगी दारात. हातात बॅटरी, गळ्यात काचेची नळी, नळीला रबरी पाइप. म्हटलं, बाप्पा, ही कोण चेटकीण? ती म्हणे मलेरिया विभागाची, मच्छर धरायला आली. रुची नाव, फुलचूरची. गावातली काही घरं निवडली आहेत, त्यात आमचं. पहाटे भिंतीवर बसलेले मच्छर नळीनं ओढून घ्यायचे आणि फवारणीनंतर ते किती कमी झाले ते पाहायचं.

"एवढं शिकून मच्छर धराची नोकरी?"

"कोई तो पकडेगा ना आंटी," म्हणाली. गोड आहे. पाइप तोंडात धरून ओढते, मधे जाळी असते म्हणे, नाहीतर पोटात जातील. मी हसून हसून बेजार.

गुंजनच्या खोलीत तिनं बॅटरी लावली आणि एकदम हळू झाली. उशाच्या भिंतीवर, मोराच्या पिसाऱ्यापाशी बरेच बसले होते, शेपटी वर करून. एकेक नळीत घेतला. बाहेर येऊन विचारात पडली. "बाकी घरात एक-दोन भेटले. इथं इतके कसे?" मी म्हटलं, बाजूला म्हशीचा गोठा आहे, त्याचे असतील. ती म्हणाली असेल.

गुंजन आणि तिची पाच मिनिटांत मैत्री झाली. गोंदियाच्या दुकानांची नावं घेऊन दोघी हिंदीत सुटल्या. पोरगी कितीतरी दिवसांनी अशी खिदळली. रुचीला म्हटलं, रोज येत जा बाई.

१ ऑक्टोबर, बुधवार

रुची पुन्हा आली. पुन्हा त्याच खोलीत तेवढेच मच्छर. आज तिनं सरळ विचारलं, "आंटी, फवारणीनंतर भिंत लिपली नाही ना? पोतारा वगैरे?"

मी चुलीपाशी होते, गुंजन माझ्या शेजारी चहा गाळत होती. माझ्या तोंडून निघालं, "नाई बा. जशी मारली तशीच हाय."

का म्हटलं ते मलाच कळलं नाही. टिकारामला हो हो म्हटलं होतं, रुख्मासमोर म्हटलं होतं. आता पोरीसमोर नियम मोडणारी म्हातारी कशाला ठरू? शिवाय ती वहीत लिहून घेत होती. शामकलाबाईनं ऐकलं नाही, असं वर तालुक्याला जायचं. बचत गटाची अध्यक्ष मी.

गुंजननं माझ्याकडे पाहिलं. मग गाळणी झटकली आणि रुचीला कप दिला. काही बोलली नाही. गुणाची आहे.

रुची म्हणाली, "मग औषधच काम करत नसेल. मच्छर पक्के झाले असतील. वर सांगावं लागेल." बिचारीचा चेहरा पडला. मला थोडं वाईट वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

ओटीभरण झालं. सोन्यासारखा दिवस गेला. गुंजनला हिरवी साडी, फुलांचे दागिने. भरडाभात, वडे, खीर. कुडव्याच्या बाया खोलीत शिरल्या आणि थबकल्याच. "हे मोर तुम्ही काढले?" विहीणबाईनं भिंतीवरून हात फिरवला, बोटाला काही लागत नाही ना पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे पुट्टी करूनही अशी होत नाही." मी वरून नुसतं "काय बाई" म्हटलं, पण आतून अशी नाचले की विचारू नका.

जाताना म्हणाल्या, आजच नेते ना. मी म्हटलं, दिवाळी. ठरलं होतं. गुंजन म्हणाली, "राहते मी, आई, मले इथंच बरं वाटते." ती मला आई म्हणाली आणि तिची आई शेजारीच उभी होती. आज मी जिंकले.

११ ऑक्टोबर, शनिवार

गुंजनला काल रात्री थंडी वाजून आली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग अंग तव्यासारखं. सकाळी उतरला. ओटीच्या दिवशी फार दगदग झाली, आणि इतक्या बायांच्या नजरा. मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली, ठसका आला नाही, म्हणजे नजरच होती. गुळवेलाचा काढा दिला.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर बरी होती, उठून भाजी निवडली. म्हटलं ना, नजर होती.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नाही. पुन्हा आला, आणि भलताच. बडबडत होती. गजेंद्र रुख्माला घेऊन आला, तिनं बोटातून रक्त काढलं, पट्टीवर टाकलं. पट्टीकडे पाहता पाहता तिचं तोंड उतरलं. मलेरिया, त्यातलाही वाईट वाला. माझ्यावर ओरडली, "तीन दिवस झाले, बोलावलं काऊन नाई?"

खोली फवारलेली आहे, मलेरिया येईल कुठून?

दुपारी गोंदियाला नेलं, जिल्ह्याच्या दवाखान्यात. मी सोबत. डॉक्टरीणबाई म्हणाली, रक्त फार कमी झालं आहे, औषध सुरू केलं, लेकराचे ठोके आहेत. ठोके आहेत, हे मी गजेंद्रला चारदा सांगितलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

ताप उतरला. माझ्याकडे घास मागितला, दहीभात दिला. पण म्हणते, "आई, हे सकाळपासून हललं नाई." मी पोटावर हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. म्हटलं झोपलं असेल, तुझ्यासोबत तेही दमलं. मग नर्सला बोलवायला धावले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मुलगी होती. डोक्यावर केस होते.

गुंजननं विचारलं, "केस होते का?" होते म्हटलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. आमच्या दारात दिवा नाही. विहीणबाई दवाखान्यातूनच गुंजनला कुडव्याला घेऊन गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. नको बोलू देत. मी अडवलं होतं ना, दिवाळी होऊ द्या म्हणून. ओटीच्या दिवशी नेलं असतं तर आज काय असतं, हे त्यांच्या मनात आहे आणि माझ्याही.

पण एक सांगा मला. खोलीत औषध मारलं होतं. मग हे झालंच कसं?

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज टोल्यावर गेले. टिकाराम दारात बसून कुणाशी तरी मोठ्यानं हसत होता. माझ्या अंगाची आग झाली. सगळ्यांसमोर म्हटलं, "तू पाणी मारलं रे माझ्या घरात, पाणी! औषध कुठं विकून खाल्लं? माझी नात खाल्ली तू!"

त्याची बायको आतून धावत आली. तो उठून उभा राहिला, हात जोडले. "काकी, पूरा मारला मी. तुम्ही उभ्या होत्या ना तिथं."

"पाणी मारलं!"

"तुमच्या पायाची शपथ, काकी."

मी त्याच्या दारात थुंकले. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणाच्या दारात थुंकले नव्हते. घरी येऊन गजेंद्रला सगळं सांगितलं. तो आधीच पेटलेला. त्यानं तालुक्याला जाऊन तक्रार दिली. टिकारामला म्हणे तूर्त घरी बसवणार आहेत. बरं झालं.

हे रात्री जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, भूक नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लिहू की नको, असं संध्याकाळपासून करते आहे. लिहिते.

गजेंद्रच्या तक्रारीवरून आज जिल्ह्याचे साहेब आले, सोबत रुची. औषधात दम आहे की नाही ते तपासायला. प्लास्टिकचे लहान लहान पेले आणले होते, गाळणीसारखे निमुळते. पेला भिंतीवर उपडा चिकटवायचा, आत पाळलेले मच्छर सोडायचे, अर्धा तास भिंतीवर बसू द्यायचे. औषध असेल तर मच्छर उताणे पडतात.

पहिले टिकारामच्या झोपडीत लावले. त्याच्या भिंतीवर अजून ते पिवळे ओघळ तसेच आहेत, दिवाळी होऊन गेली तरी. आमच्या सगळ्यांसमोर मच्छर पडले. मग आमच्याकडे आले. गुंजनच्या खोलीत, उशाच्या भिंतीवर तीन पेले. टिकाराम दाराबाहेर उभा, आत आला नाही. मी दारातच होते. अर्धा तास झाला, मच्छर आपले मजेत फिरत होते. एक तर पेल्याच्या टोकाला बसून पाय घासत होता.

गजेंद्र ओरडला, "पाहा साहेब! त्याच्या घरी मारलं अन् आमच्याकडे पाणी मारलं!" साहेब टिकारामकडे पाहू लागले. माझ्या छातीत काहीतरी मोकळं झालं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा हे उठले. पडवीतून खुरपं घेऊन आले. सरळ खोलीत गेले आणि मोराच्या बाजूची भिंत खरवडली. माझी पांढरी माती पापुद्र्यासारखी खाली पडली. हाताएवढा तुकडा मोकळा केला. त्याखाली ते पिवळे ओघळ होते. छतापासून खालपर्यंत मारलेले.

"इथं लावा," हे म्हणाले.

रुचीनं लावला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही तिनं. आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो. मच्छर बसले, थोडं फिरले, आणि मग एकेक करून खाली पडले. सगळे.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. साहेब कागद आवरू लागले. गजेंद्र बाहेर जाऊन मोटरसायकलवर बसला आणि तसाच बसून राहिला, सुरू केली नाही. टिकाराम निघून गेला. जाताना मान खाली होती, जणू चोरी त्यानंच केली.

यांना विचारलं, "तुम्हाले मालूम होतं तं आधी काऊन नाई बोलले?"

"बोललो होतो," म्हणाले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपासून मनाशी भांडते आहे. सगळ्या गावानं पोतारलं नव्हतं का घट बसायच्या आधी? काहींनी पोतारलं. त्यांच्या घरी कुठं काय झालं? संध्याकाळी ती ओसरीवर बसायची, तिथंही चावला असेल. शेतात गेली होती एकदा, तिथं चावला असेल. मच्छराच्या अंगावर काय माझं नाव लिहिलेलं होतं?

असं दुपारपर्यंत चाललं. मग त्या खोलीत गेले. तिच्या झोपायच्या जागेवर आडवी पडले. वर पाहिलं, तर बरोबर तोंडासमोर ती भिंत. रात्रभर तिथंच बसायचे ते आणि तिथून उतरायचे. मीच त्यांना जागा करून दिली, गुळगुळीत, पांढरी, मोर काढून.

तिच्यासाठीच केली होती मी ती खोली. माझ्या नातीसाठी. देवाशप्पथ तिच्यासाठी. आणि थोडी विहिणीसाठी. थोडी नाही, बरीच.

टिकारामच्या घरी गेले. तो नव्हता, बायको होती. तिला म्हटलं, त्याला कामावर परत घ्यायला मी स्वतः लिहून देते. तिनं मान हलवली, बस म्हटलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आज एकटीच कुडव्याला गेले. गजेंद्र सोबत येतो म्हणत होता, नको म्हटलं. आमगावहून रेल्वे, गोंदियाहून ऑटो. वाटभर जुळवत गेले, काय बोलायचं ते. विहीणबाईनं दार उघडलं, "या" म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

गुंजन पलंगावर बसली होती. खूप वाळली आहे. गाऊनवर समोर ओलं झालेलं होतं. दूध. प्यायला कुणी नाही तरी येतंच आहे. तिनं माझी नजर पाहिली आणि ओढणी समोर घेतली.

जुळवलेलं सगळं विसरले. उभ्याउभ्याच म्हटलं, "गुंजन, औषध चांगलं होतं वं. मी मातीखाली दाबलं. रुचीनं विचारलं तवा खोटं बोलली. माझ्यामुळं झालं."

ती खिडकीकडे पाहत होती. "मालूम हाय. रुची येऊन गेली."

"कवा?"

"बुधवारी."

"मंग फोन काऊन नाई केला? शिव्या तरी द्याच्या होत्या."

"तुम्ही येता का, तेच पाहून राहिली होती."

मी खाली बसले. पलंगाच्या पायाला धरून रडले, लाज सोडून रडले. तिचा हात डोक्यावर येईल असं वाटलं. आला नाही. मग ती बोलू लागली, अगदी हळू, भिंतीशी बोलावं तशी.

"तुम्ही नाई म्हटलं अन् मी चहा गाळत होती. माझ्या तोंडात जीभ होती ना? म्हटलं असतं, रुची, पोतारलं हाय. तिनं पुन्हा मारून घेतलं असतं. रोज थेच येते समोर. गाळणी झटकली, कप दिला."

"तुझा काय दोष? तू माझ्या मानासाठी गप बसली."

"हो," म्हणाली. "तुमच्या मानासाठीच."

आतून कुकरची शिट्टी झाली, तिची आई पाणी घेऊन आली, ठेवून गेली. मी विचारलं, घरी येशील ना? आज नको, महिन्यानं, दोन महिन्यांनी. ती म्हणाली, "आत्ता काही इचारू नोका." मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, "साडेचारची गाडी सुटून जाईल तुमची."

उठले. दारापर्यंत आली नाही ती. तिला उठवतही नाही अजून नीट.

गाडीला गर्दी नव्हती, खिडकी मिळाली. देवरीकडची कुणी बाई शेजारी बसली होती, मांडीवर लेकरू. मी उठून दुसरीकडे बसले.

आमगावला गजेंद्र घ्यायला आला होता. गाडीवर बसायच्या आधीच विचारलं त्यानं, "काय म्हणते? कवा येते?"

येईल, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पोराचा चेहरा पाहून कुणीही तेच म्हटलं असतं. मी म्हटलं, "मालूम नाई रे. येईल का नाई, मालूम नाई."

त्यानं मोटरसायकल सुरू केली. मी मागं बसले. सगळ्या बोलण्यात गुंजननं मला एकदाही आई म्हटलं नव्हतं, हे मला रेल्वेतच, गुदमा स्टेशन गेल्यावर लक्षात आलं होतं. तेवढं मात्र त्याला सांगितलं नाही.